व्हाइटटेल हरणासाठी .३०८ ची काडतुसं : कोणती घ्यावीत?

मॅडिसनकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

येत्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनमध्ये माझा पहिलाच रायफलचा सीझन आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. हंटर सेफ्टीचा कोर्स झाला (१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे तो लागतोच), लायसन्स काढलं, नारिंगी जाकीट-टोपी आणली. रायफल .३०८ विंचेस्टर, बोल्ट अ‍ॅक्शन, नळी २२ इंची. अडलंय ते काडतुसांवर.

ज्यांच्या शेतावर जाणार आहे ते शेजारी पंचाहत्तरीचे आहेत. त्यांच्या वडिलांपासून घरात कोअर-लॉक्ट या शिशाच्या गोळीच्या काडतुसांचा हिरवा-पिवळा डबा येतो आणि मीही तोच घ्यावा असं त्यांचं म्हणणं. दुकानदार म्हणाला, आता तांब्याच्या गोळीचीच घ्या. रेंजवर भेटलेल्या एका गृहस्थांनी बजावलं की १८० ग्रेनपेक्षा हलकी गोळी घेऊच नका. तिघेही अनुभवी आणि तिघेही ठाम.

जागा अशी आहे : मक्याच्या शेताची कड, मागे ओकचं रान. मचाणावरून लांबात लांब नेम १५० यार्डांचा. हरीण मिळालं तर मांस घरातच खाल्लं जाणार, आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे. तर किती ग्रेनची घेऊ, शिसं की तांबं, आणि महाग डब्याने खरंच काही फरक पडतो का?

उत्तररेषा

कॅलिबरची काळजी सोडा. .३०८ बाजारात १९५२ पासून आहे आणि व्हाइटटेलला पुरून उरते. ती, .३०-०६, .२७०, ७एमएम-०८, ६.५ क्रीडमूर, यांत १५० यार्डांवर डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. लोक कॅलिबरवर रात्र-रात्र वाद घालतात, पण काम करते ती टोकाची नऊ-दहा ग्रॅमची गोळी. डब्यावर "१५० ग्रेन" लिहिलेलं असतं ते या गोळीचं वजन, आतल्या दारूचं नव्हे. १५० ग्रेन म्हणजे ९.७ ग्रॅम.

गोळीकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. अंगात शिरताच तिने फुलायला हवं, म्हणजे फुप्फुसात रुंद जखम होते आणि जनावर काही सेकंदांत पडतं. आणि फुलूनही तिने फुटायचं नाही, नाहीतर फासळीवरच तिचा चुरा होतो आणि आत काहीच पोचत नाही. बाजारातले सगळे प्रकार म्हणजे या दोन्हींचा आपापल्या परीने साधलेला मेळ आहे.

साधी सॉफ्ट पॉइंट : आत शिशाचा गाभा, वर तांब्याचं पातळ कवच, टोकाला शिसं उघडं. तुमच्या शेजाऱ्यांची कोअर-लॉक्ट यातलीच, १९३९ पासूनची. विंचेस्टरची पॉवर-पॉइंट, फेडरलची पॉवर-शॉक याच घरातल्या. .३०८ च्या वेगाला या गोळ्या छान फुलतात आणि बाजूने उभ्या हरणाला पुरतात. जवळून फऱ्याच्या हाडावर बसली तर मात्र कधी कधी कवच एकीकडे आणि गाभा दुसरीकडे जातो.

बाँडेड : यात गाभा कवचाला आतून घट्ट जोडलेला असतो, त्यामुळे हाड लागलं तरी गोळी एकसंध राहते. फेडरल फ्यूजन, नॉस्लर अ‍ॅक्युबाँड ही उदाहरणं. किंमत मधली.

पार्टिशन : ब्रिटिश कोलंबियात १९४६ साली जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या एका मूसच्या (तिकडचं प्रचंड मोठं हरीण) चिखलाने माखलेल्या खांद्यात खोल शिरेनात. त्यावर विचार करून त्यांनी गोळीच्या मध्येच तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा अर्धा फुलतो, मागचा अर्धा शाबूत पुढे जातो. १९४८ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि ती गोळी आजही बनते. मला या गोळीबद्दल फार आदर आहे, पण व्हाइटटेलला तिची गरज क्वचितच पडते.

अखंड तांबं : शिसं अजिबात नाही. टोकाला पोकळी असते, ती उघडून चार पाकळ्या मागे वळतात. १९८९ मध्ये बार्न्सने ही एक्स गोळी आणली, आता हॉर्नाडी, फेडरल वगैरे सगळ्यांच्या आहेत. वजन जवळजवळ पूर्ण शाबूत राहतं आणि बहुतेक वेळा गोळी आरपार जाते.

फुल मेटल जॅकेट आणि मॅच या दोन डब्यांना हात लावू नका. पहिली फुलत नाही, जनावराला भोक पाडून निघून जाते आणि ते बिचारं मैलभर जाऊन तडफडतं. न फुलणाऱ्या गोळीने हरीण मारणं विस्कॉन्सिनमध्ये बेकायदाही आहे. दुसरी कागदावर नेम साधायला बनवलेली, अंगात कशी वागेल याचा भरवसा नाही.

शिशाची घेतलीत तर १५० ग्रेन, तांब्याची घेतलीत तर १३० किंवा १५०. १८० ग्रेन एल्क-मूसला ठीक, तुम्हाला खांद्यावर जास्तीचा धक्का कशाला?

जुनी_लिव्हर

उत्तररेषा, प्रकार उत्तम सांगितलेत. पण शिशाच्या साध्या गोळीबद्दल चार शब्द मला बोलले पाहिजेत.

माझ्याकडे लिव्हर अ‍ॅक्शन .३०-३० आहे. १८९५ सालचं काडतूस, १५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २४०० फूट. मिनेसोटाच्या दाट रानात ८० यार्डांपलीकडे दिसतंच काय? तिथे साध्या सॉफ्ट पॉइंटने माझं एकही हरीण दूर गेलेलं नाही. नळीसारख्या मॅगझिनमुळे मला गोळीही चपट्या टोकाचीच लागते, कारण टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या पेटवणाऱ्या टिकलीवर) टेकून राहते आणि धक्क्याने पेट घेऊ शकते.

आता पैशाचं बघा. साध्या वीस काडतुसांचा डबा तीस डॉलरच्या आसपास, तांब्याचा पन्नास-साठ. नवीन माणसाने महाग डबा घेतला की तो पाच गोळ्या झाडून "झिरो झालं" (म्हणजे दुर्बीण नेमाला जुळली) म्हणतो आणि उरलेली जपून ठेवतो. त्यापेक्षा साधे चार डबे घ्या आणि बाकावर वाळूच्या पिशवीवर टेकून नाही, तर बसून, गुडघ्यावर, मचाणाच्या कठड्याला टेकून सराव करा. हरणाला गोळीची किंमत कळत नाही, ती कुठे बसली हे मात्र लगेच कळतं.

उत्तररेषा

सरावाबद्दल शंभर टक्के. फक्त मॅडिसनकरांनी मुलीचा उल्लेख केलाय, त्यावर नंतर सविस्तर लिहितो.

पाऊलखुणा

मी पुण्यातून वाचतोय. राग मानू नका, पण मनापासून विचारतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकार पूर्णच थांबली, आणि आपण ते योग्यच मानतो. तिथे गेल्यावर तीच माणसं हरणं मारायची काडतुसं निवडतात हे वाचून अस्वस्थ झालो. दुकानात मांस मिळतं की.

सुपीरिअरकाठ

पाऊलखुणा, अस्वस्थ वाटणं साहजिक आहे आणि तुम्ही नीट शब्दांत विचारलंत म्हणून नीट उत्तर देते.

मी मिनेसोटात दुलुथला राहते, लग्नानंतर शिकारीला जायला लागले. इथली परिस्थिती आपल्यासारखी नाही. दक्षिण विस्कॉन्सिनच्या शेतीपट्ट्यात लांडगे नाहीत, मका आणि सोयाबीन खाऊन हरणं वाढतच जातात. संख्या फार झाली की रानातली ओकची रोपं उगवू शकत नाहीत, रस्त्यावर गाड्यांखाली हरणं मरतात. किती मारायची हे दरवर्षी राज्य ठरवतं, प्रत्येक हरणाची नोंद होते. भारतात उरलेलं वाचवायचं होतं, म्हणून बंदी बरोबर. इथे राखायचं आहे आणि आवरायचंही आहे.

काडतुसांच्या धाग्यावर आहोत म्हणून आणखी एक. १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आहे. रायफल, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना संवर्धनासाठी जातो. प्रत्येक डब्यातून थोडा हिस्सा रानाला परत मिळतो. दुकानातल्या मांसाचं म्हणाल तर ती गायही कोणीतरी मारलेलीच असते, फक्त मारताना आपण तिथे नसतो. तुम्ही मांस खात नसाल तर माझं काही म्हणणं नाही, माझी आईही नाही खात.

पाऊलखुणा

करांचं ठाऊक नव्हतं. मत बदललं असं नाही म्हणणार, पण वाचत राहतो.

सह्यगिधाड

सुपीरिअरकाठ यांनी रानाचा विषय काढलाच आहे तर मला शिशाबद्दल कळकळीने सांगायचंय. मी रायगडात गिधाडांवर काम करणाऱ्यांबरोबर फिरलेलो आहे. म्हसळ्याजवळ चिरगावला त्यांची घरटी वाचवायला गावकऱ्यांनी काय कष्ट घेतले ते जवळून पाहिलंय. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडं संपत आली. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त गेली होती. मेलेलं जनावर खाणाऱ्या पक्ष्याला आपण त्या जनावरात काय सोडलं ते भोगावं लागतं.

अमेरिकेत तेच शिशाने होतं. शिकारी हरणाचा कोथळा रानातच काढून ठेवतो. त्यात गोळीचे बारीक कण असतात आणि गरुड ते आतड्यासकट गिळतात. गरुडांच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र की शिसं विरघळून रक्तात जातं. २०२२ मध्ये सायन्स नियतकालिकात ३८ राज्यांमधल्या १२१० गरुडांचा अभ्यास आला. बाल्ड आणि गोल्डन, दोन्ही जातींत निम्म्याच्या जवळपास पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळ साठलेलं विषारी पातळीचं शिसं सापडलं. कॅलिफोर्नियात काँडॉर, म्हणजे तिथली मोठी गिधाडं, १९८२ साली २२ उरले होते. त्यांना जपायचं म्हणून २०१९ पासून त्या राज्यात शिकारीला शिशाची काडतुसं पूर्ण बंद आहेत.

तुमच्यापैकी ज्यांना तांब्याचा डबा परवडतो त्यांनी तो घ्यावा, एवढी विनंती.

मॅडिसनकर

कोथळ्याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आभार. उत्तररेषा, मुलीबद्दल सांगणार होतात.

उत्तररेषा

हो, आज निवांत बसून लिहितोय.

२००८ मध्ये नॉर्थ डकोटात अन्नछत्रांना दान आलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटं सीटी स्कॅनखाली पाहिली गेली आणि त्यांत धातूचे कण दिसले. राज्याने ते मांस टाकून द्यायला सांगितलं. मग तिथल्या ७३८ लोकांचं रक्त तपासलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात न खाणाऱ्यांपेक्षा शिसं जास्त होतं, मात्र कोणाचंच डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं नव्हतं. मोठ्या माणसाने घाबरून जावं असं त्यात नाही. पण तिथल्या आरोग्य खात्याने गरोदर बायकांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना शिशाच्या गोळीने मारलेलं हरीण देऊच नका असा सल्ला दिला. मुलांच्या रक्तात शिशाची निर्धोक पातळी कुठलीच मानत नाहीत. तुमची मुलगी चार वर्षांची आहे, म्हणून माझ्या मते तुमचं उत्तर इथेच मिळालं.

त्याच वर्षी मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याने मेलेल्या मेंढ्यांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून एक्स-रे काढले. झटकन फुलणाऱ्या पातळ कवचाच्या गोळीचे कण जखमेपासून फूटभर अंतरावरही सापडले. म्हणजे रक्त साकळलेला भाग दोन बोटं रुंद कापून टाकला की झालं, असं नाही. आणि जखम पाण्याने धुतली तर कण दुसऱ्या भागावर पसरतात. बाँडेड गोळीचे कण कमी, तांब्याच्या गोळीचे जवळजवळ नाहीतच.

तांब्याच्या काही अटी आहेत, त्या आधीच सांगतो. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तितक्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून तांब्यात एक पायरी खाली उतरायचं असतं : शिशात १५० घेणाऱ्याने तांब्यात १३० घेतली तरी चालते, कारण तिचं वजन आत गेल्यावरही टिकतं. दुसरं, तांबं कडक आहे, उघडायला वेग मागतं. बहुतेक गोळ्या सेकंदाला १८०० ते २००० फुटांच्या खाली नीट उघडत नाहीत. १३० ग्रेनची .३०८ नळीतून तीन हजार फुटांच्या पुढे निघते, १५० यार्डांवर तुम्हाला भरपूर वेग उरतो. ४०० यार्डांवर मारणाऱ्याने मात्र आपल्या काडतुसाचा तक्ता बघूनच ठरवावं.

तिसरं म्हणजे, तांब्याच्या गोळीने फुप्फुसातून आरपार गेलेलं हरीण कधी कधी ५०-६० यार्ड पळतं आणि मग पडतं. साधी गोळी आत फुटल्याने जागच्या जागी पडल्याची दृश्यं लोकांनी पाहिलेली असतात, म्हणून ते तांब्याला नावं ठेवतात. भोक दोन्ही बाजूंनी असल्याने रक्ताचा माग ठळक मिळतो, तो धरून चालायचं.

जुनी_लिव्हर

लहान मूल घरात असेल तर मीही तांबंच म्हणेन. माझी मुलं मोठी झाली, आम्ही जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून टाकतो आणि पुढच्या फऱ्याचा खिमा करत नाही. पण सह्यगिधाड यांचं वाचल्यापासून कोथळा निदान पुरायला तरी सुरुवात करणार आहे. .३०-३० ला कमी वेगात उघडणारी तांब्याची गोळी कोणी वापरली आहे का?

ऑस्टिनात_नवा

जरा वेगळा प्रश्न. मी एच-१बी वर आहे. टेक्सासमधला ऑफिसातला मित्र त्याच्या रँचवर बोलावतोय, रायफल आणि काडतुसं त्याचीच. मी नुसता जाऊन एखादी गोळी मारली तर चालेल ना?

सुपीरिअरकाठ

थांबा! आधी हे वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. "जरा हातात धरून बघ" म्हटलं तरी अडचण होऊ शकते आणि काडतूसही त्यात धरलेलं आहे. अपवाद थोडे आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. चालू म्हणजे मुदत न संपलेलं. मुदत संपली की अपवाद संपला, मग घरात राहिलेला काडतुसांचा डबाही गुन्हा ठरू शकतो. हा गंभीर गुन्हा आहे, व्हिसा जातो, माणूस परत पाठवला जातो. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई नाही. रँचवर जायच्या आधी लायसन्स काढा आणि तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा.

ऑस्टिनात_नवा

बापरे. बरं झालं विचारलं. मनापासून आभार.

उत्तररेषा

याला जोडून : राज्य बदललं की काडतुसाचा नियमही बदलतो. न्यू जर्सीत काडतुसाच्या रायफलने हरीण मारताच येत नाही, शॉटगन किंवा तोंडाकडून भरायची बंदूक लागते. ओहायोत २०१४ पासून रायफल चालते, पण सरळ भिंतीच्या केसची (केस म्हणजे काडतुसाची पितळी पुंगळी) काडतुसं हवीत, म्हणजे .३०८ बाद. .३५० लेजंडसारखी काडतुसं २०१९ मध्ये आली ती अशाच राज्यांसाठी. दुसऱ्या राज्याच्या मित्राचं ऐकून डबा घेऊ नका, त्या वर्षीची नियमपुस्तिका बघा.

खडकीकर

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि मुलाकडे मिशिगनला आलोय. १८६९ पासूनचा कारखाना तो. शिकार मी केली नाही, पण काडतूस कसं बनतं ते बघण्यात आयुष्य गेलं, म्हणून काही गोष्टी सांगतो.

डब्याच्या झाकणाच्या आत किंवा कडेला लॉट नंबर छापलेला असतो. एका लॉटची दारू, प्रायमर, केस एकाच खेपेची असतात. कंपनी तीच, वजन तेच, पण लॉट बदलला तर गोळी थोडी सरकू शकते. म्हणून पसंत पडलेला डबा एकाच लॉटचे दोन-तीन घ्यावेत आणि नंबर वहीत लिहून ठेवावा.

काडतुसाच्या बुडावर ठसा असतो. तो आणि रायफलच्या नळीवरचा ठसा प्रत्येक काडतूस हातात घेताना जुळवून बघा. मुलगा म्हणाला, हे सगळ्यांना माहीत असतं. असेलही, पण .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत बसतं आणि चाप ओढला की रायफल फुटते, माणसाचा हात-डोळा जातो. दोन कॅलिबरची काडतुसं एका खिशात कधीच ठेवू नका. एका टेबलावरही नको.

केसला हिरवट गंज, चीर, पोचा, किंवा गोळी आत ढकललेली दिसली तर ते काडतूस बाजूला काढा. चाप ओढून आवाज झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा. आणि फुसका आवाज आला तर पुढची गोळी मारण्याआधी नळीत काही अडकलंय का ते बघितल्याशिवाय राहू नका.

डबे गाडीत उन्हात ठेवू नयेत. थंडीतून रायफल एकदम उबदार घरात आणली की धातूवर आणि दुर्बिणीच्या काचेवर दव धरतं. रिकामी करून, कुलपात, गार खोलीतच राहू द्यावी.

मॅडिसनकर

खडकीकर काका, वही आजच केली.

रेंजवरून आलोय, निकाल सांगतो. कोअर-लॉक्ट १५० चा एक डबा घेतला आणि तांब्याचे १३० चे दोन. १०० यार्डांवर वाळूच्या पिशवीवर टेकून तांब्याच्या तीन गोळ्या सव्वा इंचात आल्या. मग दुर्बिणीला हात न लावता १५० ची मारली तर तिन्ही सुमारे दोन इंच खाली आणि थोड्या डावीकडे, पसारा दोन इंचांचा. दोन्ही डबे .३०८ चेच असून इतका फरक! मचाणावर तांबंच नेणार.

आता नेम कुठे धरायचा ते नीट सांगाल का? कोर्समध्ये चित्र दाखवलं होतं, पण तुमच्या शब्दांत ऐकायचंय.

उत्तररेषा

सव्वा इंच म्हणजे हरणासाठी हवं त्याहून चांगलं. व्हाइटटेलच्या छातीतला मर्माचा भाग साधारण आठ इंचांच्या ताटलीएवढा असतो. १०० यार्डांवर झिरो ठेवलंत तर १५० वर गोळी इंच-दीड इंचच उतरते. वर-खाली हिशोब न करता सरळ तिथेच धरा.

हरीण बाजूने उभं असू द्या. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या, छातीच्या उंचीचा खालचा तिसरा हिस्सा संपतो तिथे थांबा. तिथे दोन्ही फुप्फुसं आहेत, किंचित खाली हृदय. हरीण तुमच्यापासून तिरकं पुढे वळलेलं असेल तर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यांसमोर आणून नेम त्याच्याकडे धरा, म्हणजे गोळी मागच्या फासळ्यांतून शिरून पुढे जाते. तोंड तुमच्याकडे असेल किंवा पाठ असेल तर चाप ओढू नका, वाट बघा. पळत्या हरणाला नाही. मचाणावरून मारताना कोन खालचा असतो, म्हणून गोळी शिरते कुठे यापेक्षा बाहेर कुठून निघेल याचा विचार करा. आणि हरणामागे माती दिसत नसेल तर नाही म्हणजे नाही.

मान आणि डोकं टाळा. जागा लहान, सारखी हलती, चुकलं तर जबडा तुटून जनावर दिवसचे दिवस उपाशी मरतं. शिवाय क्रॉनिक वेस्टिंग या हरणांच्या जीवघेण्या रोगाच्या तपासणीसाठी मानेतल्या गाठी शाबूत लागतात.

गोळी लागल्यावर लगेच खाली उतरू नका. दुसरं काडतूस चढवा, हरीण शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं ते लक्षात ठेवा आणि अर्धा तास बसून राहा. मग जिथे उभं होतं तिथलं रक्त बघा. फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, माग धरा, जवळच मिळेल. गडद लाल, जवळपास तपकिरी असेल तर यकृत, निदान तीन-चार तास थांबा. हिरवट पाणी, गवताचे तुकडे, उग्र वास असेल तर कोथळ्यात लागलीय. तेव्हा आठ-दहा तास जाऊ द्या आणि कुत्र्याने माग काढणारा कोणी असेल तर त्याला बोलवा. घाईने मागे गेलात तर दमून बसलेलं हरीण उठून पुढच्या तालुक्यात जातं आणि मग कोणालाच सापडत नाही. शोधायला पूर्ण दिवस द्यावा लागला तरी द्यायचा, हे मचाणावर चढायच्या आधी मनाशी पक्कं करा.

सुपीरिअरकाठ

तपासणीबद्दल : विस्कॉन्सिनमध्ये हा रोग २००२ पासून आहे आणि मॅडिसनच्या आसपासचा भाग त्यातलाच. राज्याकडून तपासणी फुकट होते. मानेचा पाचेक इंच भाग ठेवून डोकं त्यांच्या पेटीत ठेवायचं, चिठ्ठी भरायची. उत्तर येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये नाव घालून वेगळं ठेवा. रोग निघाला तर खाऊ नका, विशेषतः मुलीला देऊच नका. शिजवून तो जात नाही.

आणि कुणी बायका वाचत असतील त्यांच्यासाठी : .३०८ चा धक्का जड वाटत असेल तर .२४३ घ्यायला संकोचू नका. १९५५ पासूनचं काडतूस आहे. ८० ते ८५ ग्रेनची तांब्याची किंवा १०० ग्रेनची बाँडेड गोळी घ्या, ५५-६० ग्रेनची मात्र नको, ती कोल्ह्यासाठी. धक्क्याला घाबरून डोळे मिटत असतील तर मोठं कॅलिबर घेऊन उपयोग काय? मी त्याच रायफलीने शिकले आणि अजून तीच वापरते.

मॅडिसनकर

पेटी कुठे आहे ते शोधून ठेवलं. शेवटचा प्रश्न : कोअर-लॉक्टची उरलेली काडतुसं सरावाला वापरू की ठेवून देऊ?

उत्तररेषा

सरावाला वापरा, जुनी_लिव्हर म्हणाले तसं बसून आणि कठड्याला टेकून. तेव्हा दुर्बिणीच्या खुंट्या फिरवू नका, दोन इंच खाली बसणार हे धरून चाला. सीझनच्या आदल्या आठवड्यात नळी साफ करा, तांब्याच्या दोन गोळ्या मातीच्या बांधात झाडून घ्या आणि मग कागदावर तीन. जिथे आल्या तिथेच आल्या तर रायफल तशीच कुलपात ठेवा आणि शिशाचा डबा शिकारीच्या पिशवीत टाकू नका, घरीच राहू दे.

जुनी_लिव्हर

आणि माझ्या .३०-३० च्या तांब्याच्या प्रश्नाचं कोणीच उत्तर दिलं नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा, सीझनच्या आत डबा मागवायचा आहे.